नऊ हिवाळ्यांची भोवत्यांची मोजणी वनखात्याच्या आराखड्यात कशी पोहोचवावी?

माळनिरीक्षक (सोलापूर जिल्हा)

नमस्कार. आम्ही सहा-सात जण गेले नऊ हिवाळे आमच्या तालुक्यातल्या एका माळरानावर भोवत्यांचा रातथारा मोजत आहोत. ज्यांना हे पक्षी परिचयाचे नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भोवत्या हे लांब पंखांचे शिकारी पक्षी आहेत. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून ते ऑक्टोबरच्या आसपास आपल्याकडे येतात आणि मार्चपर्यंत राहतात. दिवसभर ते शेतांवरून आणि माळांवरून अगदी खालून उडत नाकतोडे, उंदीर आणि लहान पक्षी टिपतात. सूर्य मावळला की झाडावर न बसता गुडघाभर गवतात, थेट जमिनीवर, एकत्र उतरून रात्र काढतात. म्हणून त्यांच्या रातथाऱ्याला मोकळे आणि उभे गवत लागते, आणि चारी बाजूंनी दूरवर नजर पोहोचेल अशी जागा लागते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात या माळाच्या निम्म्या भागावर पाणी अडवण्यासाठी सलग समतल चर खोदले गेले आणि पावसाळ्यात त्यांच्या कडेने गिरिपुष्पाची व इतर रोपे लावली गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात भोवत्या आल्या, तिन्हीसांजेला माळावरून घिरट्या घालत राहिल्या आणि अंधार पडता पडता निघून गेल्या. तो देखावा आम्ही पाच-सहा संध्याकाळी पाहिला आणि दर वेळी कोणालाच बोलवेना. गेल्या हिवाळ्यात तर मोजण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

आम्ही नऊ वर्षांच्या नोंदींचा अहवाल बांधून संबंधित कार्यालयात दिला. पोच मिळाली, अहवाल चांगला झाला आहे असेही सांगण्यात आले. पुढे काही घडले नाही, आणि आता माळाचा उरलेला भागही रोपवनासाठी घेतला जाणार असल्याचे ऐकतो आहे.

कोणाविरुद्ध तक्रार करण्यासाठी हा धागा काढलेला नाही. पक्ष्यांचा अभ्यास नुसता अभ्यास न राहता शासनाचा निर्णय कसा होतो, आणि तो निर्णय जमिनीवर टिकतो कसा, हे मला समजून घ्यायचे आहे. आमची माहितीच कमकुवत आहे की ती चुकीच्या दारात नेली गेली? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

पशुवैद्य_विदर्भ

तुमचा प्रश्न वाचून गिधाडांची हकीकत लिहावीशी वाटली, कारण पक्षीसंशोधनातून धोरण घडल्याचे आपल्या देशातले ते सर्वांत मोठे उदाहरण आहे आणि त्याचा संबंध माझ्या व्यवसायाशी आहे. नव्वदच्या दशकात ताप आलेल्या किंवा कास सुजलेल्या जनावराला डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन मीही दिलेले आहे. स्वस्त होते, गुण लवकर येई आणि दुसऱ्या दिवशी जनावर उठून चरायला लागे. ते जनावर पुढे मेले तर त्याचे मांस खाणाऱ्या पक्ष्याचे काय होते, हा प्रश्न त्या काळी आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता, याची खंत आजही आहे.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडे आणि त्यांची घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच जागी त्यांनी पुन्हा मोजणी केली, म्हणूनच घट किती भयंकर आहे हे आकड्यांत मांडता आले. आधीची मोजणी नसती तर "पूर्वी पुष्कळ दिसायची" यापलीकडे कोणाला काही म्हणता आले नसते. पुढे देशभरच्या सर्वेक्षणांतून कळले की १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. तुमच्या नऊ हिवाळ्यांचे मोल यावरून लक्षात यावे.

परंतु घट सिद्ध झाली म्हणून धोरण बदलले नाही, कारण घट कशामुळे होते आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. बरीच वर्षे संशय एखाद्या साथीच्या रोगावर होता. पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन केले, तेव्हा त्यांच्या आतड्यांवर आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा यूरिक आम्लाचा पांढरा थर आढळला, म्हणजेच मूत्रपिंडे निकामी झाली होती. असा थर असलेल्या २५ गिधाडांच्या ऊतींची तपासणी झाली तेव्हा २५ मध्येही डायक्लोफिनॅक सापडले. ज्यांच्यात तो थर नव्हता अशा १३ गिधाडांपैकी एकातही ते सापडले नाही. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गणिती अभ्यासाने दाखवून दिले की एवढी घट होण्यासाठी शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी पुरे. भारतात गोळा केलेल्या मृत जनावरांच्या नमुन्यांत मात्र ते सुमारे १० टक्के निघाले.

मार्च २००५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणण्याची शिफारस केली आणि मे २००६ मध्ये औषध नियंत्रकांचा आदेश निघाला. शोधापासून आदेशापर्यंत दोन-अडीच वर्षे, हा वेग आपल्याकडे दुर्मीळ आहे. तो शक्य झाला याचे मोठे श्रेय मी मेलॉक्सिकॅम या औषधाला देतो. ते भारतात आधीपासून तयार होत होते आणि जनावरांवर गुणकारी ठरले होते. गिधाडांना त्याचा अपाय होत नाही हे २००६ च्या सुरुवातीला प्रयोगाने दाखवले गेले. अधिकाऱ्यापुढे "हे बंद करा" एवढीच मागणी गेली असती तर त्याने शेतकऱ्याला काय सांगायचे? हातात पर्याय होता म्हणून सही झाली.

आता याच कथेचा दुसरा भाग, जो सहसा सांगितला जात नाही. बंदी आल्यावर औषधांच्या दुकानांत माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी विकल्या जाऊ लागल्या. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर लागते, मग एवढी मोठी कुपी कोणासाठी? हे उघडकीस आले ते संशोधक गाशा गुंडाळून घरी गेले नाहीत म्हणून. ते वर्षानुवर्षे दुकानांत गिऱ्हाईक म्हणून जाऊन विचारत राहिले आणि मृत जनावरांच्या यकृताचे नमुने तपासत राहिले. त्या पुराव्यावर २०१५ साली माणसांसाठीची कुपीही एका मात्रेपुरती, म्हणजे ३ मिलिलिटरची करण्यात आली. औषध कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

केटोप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकाचे काय झाले तेही पाहा. ते गिधाडांना मारक असल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले आणि भारतात त्यावर बंदी आली २०२३ मध्ये, एसिक्लोफिनॅकसोबत. एसिक्लोफिनॅकचे तर जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. एका औषधाला दोन-अडीच वर्षे आणि दुसऱ्याला चौदा. पुराव्यात खोट होती असे मला वाटत नाही. पहिल्या वेळची निकड ओसरली होती, आणि प्रत्येक औषधाची फाइल नव्याने, पहिल्या पानापासून सुरू करावी लागत होती.

तुमच्या अहवालात भोवत्या कमी झाल्याचे आहे. चर खणल्यामुळेच त्या कमी झाल्या हे त्यात किती ठामपणे आले आहे? आणि चरांऐवजी त्या जागी काय करावे, हे लिहिले आहे का?

---

निवृत्त_वनाधिकारी

पशुवैद्य साहेबांनी शेवटी जे दोन प्रश्न विचारले आहेत, त्यांतल्या दुसऱ्यावर मी लिहितो, कारण तुमच्यासारखे अहवाल टेबलाच्या पलीकडे बसून स्वीकारण्यात माझी नोकरी गेली आहे. ते अहवाल कपाटात का राहतात हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

वनक्षेत्रपालाला दर वर्षी कामांचे लक्ष्य मिळते आणि ते हेक्टरमध्ये आणि रोपांच्या संख्येत असते. २०१६ मध्ये राज्याने २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. एवढी रोपे लावायला मोकळी जमीन लागते. दाट जंगलात ती मिळत नाही, म्हणून नजर माळाकडे वळते. सरकारी नकाशांत आपली बरीचशी माळराने आजही "पडीक जमीन" या शीर्षकाखाली आहेत. ज्या जमिनीला कागदाने पडीक म्हटले तिच्यावर झाड लावणारा अधिकारी स्वतःच्या दृष्टीने पुण्याचेच काम करत असतो. वाईट हेतूने माळ खणणारा अधिकारी मी पाहिलेला नाही, पण गवतालाही किंमत असते हे ज्याला कोणी कधी शिकवले नाही असे मात्र पुष्कळ पाहिले, आणि सुरुवातीची काही वर्षे मी स्वतःही त्यांच्यातलाच एक होतो.

तेव्हा पहिली गोष्ट, अहवाल कोणत्या महिन्यात द्यावा. खड्डे आणि चर साधारणपणे फेब्रुवारी ते मे या काळात होतात आणि त्यांचा आर्थिक प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. तुम्ही मार्चमध्ये हंगाम संपल्यावर अहवाल दिला असेल तर तोवर जागा ठरलेली, दर मंजूर झालेला आणि मजूरही सांगून ठेवलेले असतात. तोच अहवाल ऑक्टोबरमध्ये द्या. त्याहून महत्त्वाची म्हणजे कार्य आयोजना. वन विभागाची कार्य आयोजना दहा वर्षांसाठी तयार होते आणि कोणत्या कक्षात (म्हणजे वनजमिनीच्या आखलेल्या तुकड्यात) कोणते काम करायचे हे तिच्यात लिहिलेले असते. ती नव्याने तयार होत असताना एखादा कक्ष "गवताळ प्रदेश म्हणून राखावा" असे एक वाक्य तिच्यात आले तर पुढची दहा वर्षे येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते बंधनकारक होते. अधिकारी तीन वर्षांनी बदलतो, कार्य आयोजना बदलत नाही. तुमच्या विभागाची मुदत कधी संपते ते उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात विचारा.

दुसरी गोष्ट, अहवालाची भाषा. पक्ष्यांची यादी आणि आलेख असू द्यात, पण पहिल्या पानावर कक्ष क्रमांक, गट नंबर आणि रातथाऱ्याची हद्द दाखवणारा नकाशा हवा. त्याखाली एका परिच्छेदात मागणी हवी. या कक्षातल्या अमुक हेक्टरवर चर आणि रोपवन न घेता गवत कुरण विकासाचे काम घ्यावे, असे लिहा. कुरण विकासासाठी खात्याकडे मान्य पद्धती आहेत. पवन्या, शेडा यांसारख्या स्थानिक गवतांचे बी पेरणे, चराईला पाळीपाळीने विश्रांती देणे, वणव्यापासून जाळरेषा काढणे ही सगळी कामे अंदाजपत्रकात बसतात. गिधाडांच्या कथेतला मेलॉक्सिकॅम तुमच्या बाबतीत हाच आहे. वनक्षेत्रपालाला खर्च दाखवण्यासाठी दुसरे काम दिल्याशिवाय त्याच्याकडून पहिले काम सोडवून घेता येणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती मी माळढोकाकडून शिकलो. सोलापुरातल्या हौशी पक्षीनिरीक्षणामुळे सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळढोकाकडे लक्ष वेधले गेले आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. अभ्यासातून धोरण होण्याचा तो आपल्या जिल्ह्यातला मानाचा प्रसंग होता. पण हद्द आखली गेली ८,४९६ चौरस किलोमीटरची. गोव्याच्या दुपटीहून मोठे क्षेत्र, ज्यात गावे होती, बागायती होती, बाजारपेठा होत्या. माळढोक वापरत होता ती गवताळ जमीन या विस्तारात इथेतिथे, तुकड्या-तुकड्यांनी होती. लोकांना जमिनीच्या व्यवहारात आणि बांधकामात अडचणी आल्या आणि त्या सगळ्याचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले, आणि तोवरच्या तीन दशकांत नान्नजचा माळढोक संपत आला होता.

हेच राजस्थानात पुन्हा दिसले. माळढोकाला समोरचे कमी दिसते, शरीर जड असते आणि विजेची तार दिसली तरी त्याला चटकन वळता येत नाही. तारांवर आदळून किती पक्षी मरतात याचा भारतीय वन्यजीव संस्थेने केलेला अभ्यास सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरच्या टापूत तारांवर निर्बंध घातले, शक्य तिथे त्या जमिनीखालून नेण्यास सांगितले. हेतू योग्यच होता. परंतु त्याच टापूत देशाची सौर ऊर्जा उभी राहत होती, उच्च दाबाच्या तारा सरसकट जमिनीखाली घालणे तंत्राच्या दृष्टीने शक्य नव्हते, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. मधली तीन वर्षे वादात गेली आणि तारा तशाच राहिल्या.

म्हणून विनंती करतो की सगळा माळ मागू नका. पक्षी जिथे उतरतात तेवढा तुकडा आणि त्याभोवती आवश्यक तेवढी मोकळी पट्टी, एवढेच मागा, आणि ते का लागते हे प्रत्येक हेक्टरनिशी सांगता येईल अशी तयारी ठेवा. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळचे २.११ हेक्टर क्षेत्र २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले, ते तिथल्या माशाच्या नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभराच्या आत. क्षेत्र लहान होते, कारण स्पष्ट होते आणि कोणाचे त्यात नुकसान नव्हते.

---

मेंढवाडा

मी पक्ष्यांचा अभ्यासक नाही. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे आहेत आणि मी सध्या आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहे. वनाधिकारी साहेबांनी माळढोकाबद्दल लिहिले ते अगदी खरे आहे. आमच्या आजोबांनी माळढोक उडताना पाहून वाडा हलवायचा की नाही ते ठरवले होते, असे घरात सांगतात, आणि माझ्या चुलत्यांना मात्र त्याच पक्ष्यामुळे बहिणीच्या लग्नासाठी जमीन विकता येईना. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत. पक्षी आम्हाला कधीच नकोसा नव्हता. त्याच्या नावाने जो कागद आला तो आम्हाला न विचारता आला होता.

माळनिरीक्षक दादा, तुमच्या माळावर चर खणले तेव्हा तिथे चरणाऱ्या मेंढपाळांचे काय झाले, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच आले नाही. रोपवन झाले की तारेचे कुंपण येते आणि चराई बंद होते. चरांत पडून कोकराचा पाय मोडतो. तुमच्या भोवत्यांचे जे नुकसान झाले तेच नुकसान, त्याच उन्हाळ्यात, आमच्यासारख्यांचेही झाले असणार. तुम्ही नऊ वर्षे संध्याकाळी तिथे उभे राहिलात आणि तुमच्या समोरून मेंढरे वाड्याकडे परतत राहिली, पण अहवालावर त्यांच्यापैकी कोणाची सही नाही, असे मला वाटते. चूक असल्यास माफ करा.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही एकदा भरून ठेवून दिलेली असते. तिच्यात रातथाऱ्याची नोंद करून घ्या. त्याच पानावर कोणते गवत कोणत्या महिन्यात येते, मेंढरे कधी चरतात आणि पक्षी कधी असतात हेही लिहून घ्या. मग ग्रामसभेचा ठराव करा. कार्यालयात सात पक्षीनिरीक्षकांचा अहवाल जाणे वेगळे आणि ग्रामसभेच्या ठरावासोबत तोच अहवाल जाणे वेगळे. आमच्या अनुभवात दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

नागालँडमधल्या ससाण्यांबद्दल मी एका प्रशिक्षणात ऐकले होते. दोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये लाखाहून अधिक अमूर ससाणे जाळ्यांत पकडून मारले गेल्याचे जगापुढे आले आणि पुढच्याच वर्षी ती शिकार थांबली. कायदा तर आधीपासूनच होता. पांगती आणि आसपासच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी आणि चर्चने पुढाकार घेऊन ती थांबवली. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली आणि त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिली. गावाचे नाव घेऊन एक पक्षी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो आहे, हे ज्या गावाला रोज कळत होते ते त्याला पुन्हा जाळ्यात कसे धरणार?

---

नोंदवही_पुणे

माहितीच्या दर्जाबद्दल थोडेसे. नऊ हिवाळ्यांच्या नोंदी मौल्यवान आहेत, परंतु त्यांचा उपयोग होण्यासाठी किती संध्याकाळी गेलात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती जण होतात आणि ज्या दिवशी एकही पक्षी आला नाही त्या दिवसाची नोंद आहे का, हे सर्व लिहिलेले असले पाहिजे. शून्याची नोंद बहुतेक जण करत नाहीत आणि नेमकी तीच पुढे लागते. "भारतातील पक्ष्यांची स्थिती" हा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे, आणि ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचे त्यात दिसले. ९४२ जातींचा आढावा घेऊनही कल मात्र ३३८ जातींचाच काढता आला, यावरून नोंदी कशा असायला हव्यात ते ध्यानात येईल. शिकारी पक्षी आणि मोकळ्या माळाचे पक्षी घटणाऱ्यांत ठळकपणे आहेत, त्यामुळे तुमच्या माळाची गोष्ट देशाच्या चित्राशी जोडता येईल.

आणखी एक. नोंद खोटी असेल तर ती किती काळ नुकसान करते हे रानपिंगळ्यावरून कळते. १८८४ नंतर हा पक्षी कोणी गोळा केला नव्हता. अपवाद फक्त मायनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचे सांगितलेल्या एका नमुन्याचा होता. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपास केला तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला निघाला. नमुन्याला लावलेल्या त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्याच मुलखात होत राहिला होता. चिठ्ठी बाजूला ठेवून १९९७ च्या नोव्हेंबरात त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांच्या दिशेने गेले आणि शहाद्याजवळ रानपिंगळा समोर झाडावर बसलेला सापडला.

म्हणून माझा सल्ला असा की घाई करू नका. जिथे चर नाहीत असा जवळचा दुसरा एखादा माळ निवडा, तिथेही याच पद्धतीने दोन-तीन हिवाळे मोजा आणि मग तुलना मांडा. त्याशिवाय चरांमुळेच पक्षी गेले असे म्हणता येणार नाही, कारण एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला, नाकतोडे कमी झाले, तरीही भोवत्या दुसरीकडे जातात.

---

पशुवैद्य_विदर्भ

नोंदवही, तुलनेचा मुद्दा योग्य आहे, पण दोन-तीन हिवाळे थांबण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. उरलेला माळ येत्या उन्हाळ्यात खणला जाणार असेल तर तीन वर्षांनी तुलना करायला तिथे काय उरेल? त्यांच्याकडे तुलना आधीच आहे. त्याच माळाचा अर्धा भाग खणला आणि अर्धा तसाच आहे, आणि पाऊस तर दोन्हींवर सारखाच पडला. पक्षी उतरताना कोणत्या भागावर उतरले हे नोंदलेले असेल तर पुरेसे आहे. पूर्ण खात्रीची वाट पाहण्याची किंमत आम्ही केटोप्रोफेनच्या चौदा वर्षांत मोजली आहे. गिधाडे गेल्यानंतर २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडला आहे. मेलेली जनावरे उघड्यावर कुजत राहिली, कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. हा हिशेब हाती येईपर्यंत वीस वर्षे गेली होती. जे आज माहीत आहे ते आज, जेवढे माहीत आहे तेवढ्याच शब्दांत सांगितले पाहिजे.

---

नोंदवही_पुणे

अर्धा माळ शाबूत आहे हे माझ्या लक्षातून निसटले होते. मग मी सल्ला बदलतो. उतरण्याच्या जागा नकाशावर असतील तर अहवाल याच ऑक्टोबरमध्ये द्या आणि मोजणी चालू ठेवा.

---

माळनिरीक्षक (सोलापूर जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळ्या नोंदी पुन्हा काढून बसलो होतो.

उतरण्याच्या जागा पहिल्या वर्षी लिहिलेल्या नाहीत, पण दुसऱ्या हिवाळ्यापासून हाताने काढलेल्या आराखड्यावर खुणा आहेत. चर खणल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात जे थोडे पक्षी उतरले ते सर्व न खणलेल्या भागात, पूर्वेच्या उताराच्या पायथ्याशी उतरले होते. हे आमच्याच वहीत होते आणि अहवालात मात्र आम्ही फक्त एकूण संख्या दिली होती. शून्याच्या संध्याकाळी नोंदलेल्या आहेत, कारण आमच्यातल्या एका शिक्षिका ताईंचा सुरुवातीपासून तसा आग्रह होता.

अहवाल आम्ही मार्चअखेरीस दिला होता. त्याच्या पहिल्या पानावर कक्ष क्रमांक नव्हता, मागणी नव्हती, पक्ष्यांचे छायाचित्र होते. आता पूर्वेच्या उताराचा तुकडा आणि त्याभोवतीची पट्टी एवढेच मागायचे आणि त्यावर कुरण विकासाचे काम सुचवायचे, असे आमचे ठरले आहे. उपवनसंरक्षक कार्यालयात कार्य आयोजनेची मुदत विचारण्यासाठी सोमवारी दोघे जण जात आहोत.

मेंढवाडा, तुम्ही म्हणालात ते खरे आहे. त्या माळावर चार कुटुंबांची मेंढरे येत होती. आम्ही त्यांना रोज पाहत होतो, नमस्कार करत होतो, आणि अहवालात त्यांचा उल्लेख "चराईचा ताण" या दोन शब्दांत केला होता. तो उल्लेख मी काढून टाकला आहे. त्यांच्यापैकी तीन कुटुंबे आता नदीच्या बाजूला वाडे घेऊन गेली आहेत. या आठवड्यात त्यांना भेटायला जाणार आहोत. नोंदवहीचे ते पान कसे भरायचे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा तुम्हाला वेळ असेल तर सोबत याल का? वाहनाची सोय आम्ही करू.